छोट्या द्वीपदेशाने सागरी करारासाठी मदत कशी मागावी: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

प्रशांत महासागरातल्या किरिबाती या द्वीपदेशाची सगळी जमीन एकत्र केली तर ८११ चौरस किलोमीटर भरते. त्याच्या हक्काचा समुद्र, म्हणजे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचं अनन्य आर्थिक क्षेत्र, सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर आहे. आता या पाण्याच्याही पलीकडचा, कोणाच्याच मालकीचा नसलेला खुला समुद्र कायद्याच्या कक्षेत आला आहे. पृथ्वीचा जवळजवळ निम्मा पृष्ठभाग या खुल्या समुद्राने व्यापलेला आहे. त्याच्या रक्षणाचा करार १९ जून २०२३ रोजी न्यूयॉर्कमध्ये स्वीकारला गेला आणि १७ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. विषय आहे राष्ट्रांच्या हद्दीपलीकडची जैवविविधता, म्हणून इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला बीबीएनजे करार म्हणतात, बोलताना लोक हाय सीज करार म्हणतात.

करारावर सही करणं एक आणि तो पाळणं दुसरं. पाळायचा तर देशात कायदा हवा, पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यांकन वाचू शकणारी माणसं हवीत, जहाजांवर लक्ष हवं. ज्या देशाचं मत्स्य खातं एका मजल्यावर मावतं त्याने हे कुठून आणायचं? म्हणून मदतीची तरतूद आहे, आणि ती कोणाची मेहेरबानी नाही. १९८२ च्या संयुक्त राष्ट्र सागरी कायदा कराराचं कलम २०२ विकसनशील देशांना वैज्ञानिक व तांत्रिक साहाय्य देण्याचं बंधन घालतं आणि कलम २०३ अशा देशांना निधीवाटपात अग्रक्रम द्यायला सांगतं. अर्जाची भाषा लिहिताना हे ध्यानात ठेवावं. याचना करणारी पत्रं फार येतात, कलमाचा आधार घेणारी कमी.

अडचण वेगळीच आहे. मदतीची दारं अनेक आहेत आणि प्रत्येक दाराला वेगळी किल्ली लागते. योग्य कागद चुकीच्या दारात दिला की वर्ष जातं.

पात्र कोण

पहिला प्रश्न: देश कराराचा सदस्य आहे का? बीबीएनजे कराराखालचा विशेष निधी आणि प्रवास-साहाय्याचा ऐच्छिक निधी हे दोन्ही ‘विकसनशील सदस्य देशांसाठी’ आहेत. यातला ‘सदस्य’ हा शब्द वजनाचा आहे. ज्याने नुसती सही केली तो सदस्य नव्हे. अनुसमर्थनाचं, म्हणजे करार आपल्यावर बंधनकारक असल्याच्या अंतिम मान्यतेचं, पत्र जमा केलं आणि त्यानंतरचा तिसावा दिवस उजाडला, की तो सदस्य.

इथे एक गैरसमज हमखास दिसतो. १९८२ च्या सागरी कायदा कराराचा सदस्य असल्याशिवाय या करारात येता येत नाही, असं पुष्कळांना वाटतं. तशी अट नाही. बीबीएनजे करार सर्व देशांना खुला आहे.

दुसरा प्रश्न गटाचा. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत ३९ सदस्यराष्ट्रं लहान द्वीपीय विकसनशील देश म्हणून धरली जातात. अल्पविकसित देशांची यादी वेगळी आहे आणि तिच्यातून देश बाहेरही पडतात. मालदीव २०११ मध्ये, सामोआ २०१४ मध्ये आणि वानुआतू २०२० मध्ये बाहेर पडले. त्यामुळे जुन्या अर्जातला ‘अल्पविकसित देश म्हणून’ हा परिच्छेद जसाच्या तसा चिकटवू नये. द्वीपदेश म्हणून मिळणारा अग्रक्रम मात्र कायम राहतो, तेव्हा आधार त्याचा घ्यावा.

सदस्य होण्याचा कागद

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबून पाहू.

करारावर सही करण्याची मुदत २० सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली आणि २० सप्टेंबर २०२५ ला संपली. त्या मुदतीत सही केलेल्या देशाने आता अनुसमर्थनपत्र द्यायचं. सही न केलेल्याने सामीलपत्र द्यायचं, म्हणजे थेट प्रवेश. परिणाम दोन्हींचा सारखाच, पण कागदावरचं क्रियापद वेगळं असतं. सही न केलेल्या देशाने ‘आम्ही अनुसमर्थन करतो’ असं लिहिलं तर मसुदा परत करावा लागतो.

त्याआधी देशांतर्गत मंजुरी आलीच. कुठे संसद लागते, कुठे मंत्रिमंडळ पुरतं. तो ज्याच्या त्याच्या राज्यघटनेचा प्रश्न आहे आणि न्यूयॉर्कमध्ये त्याची कागदपत्रं कोणी मागत नाही. तिथे फक्त शेवटचा कागद पाहतात, पण तो बारकाईने पाहतात.

त्या कागदावर कराराचं पूर्ण नाव हवं, करार झाल्याची तारीख आणि ठिकाण हवं. देश कराराने बांधला जाण्यास तयार आहे हे संदिग्धतेविना लिहिलेलं हवं. पत्र कुठे आणि कधी काढलं ते हवं. सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा हवा. आणि सही हवी. नुसता शिक्का चालत नाही.

सही तिघांची चालते: राष्ट्रप्रमुख, सरकारप्रमुख किंवा परराष्ट्रमंत्री. दुसऱ्या कोणी करायची तर या तिघांपैकी एकाने त्यासाठी दिलेलं अधिकारपत्र हवं. असं अधिकारपत्र नसताना, समुद्राचा विषय म्हणून मत्स्यमंत्र्यांनी उत्साहाने सही केली, किंवा पर्यावरणमंत्र्यांनी केली, तर तो कागद कितीही देखणा असला तरी उपयोगाचा नाही. परराष्ट्रमंत्री दौऱ्यावर असतील आणि त्यांचा कार्यभार दुसऱ्याकडे असेल, तर सहीखाली ‘प्रभारी’ असा उल्लेख असायला हवा.

कागद जातो संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयातल्या करार विभागाकडे, कारण हा करार महासचिवांकडे जमा आहे. हातोहात दिला तरी चालतो, टपालाने पाठवला तरी चालतो. ईमेलवर आधी प्रत पाठवता येते, पण मूळ कागद पोचवावाच लागतो, आणि जमा झाल्याची तारीख साधारणपणे तो मुख्यालयात पोचल्याची धरली जाते. मजकूर इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये नसेल तर सोबत भाषांतर जोडावं. माझा सल्ला: मसुदा सहीला नेण्याआधीच करार विभागाला दाखवून घ्यावा. ते तपासून देतात, आणि राष्ट्राध्यक्षांची दुसऱ्यांदा सही मागायला जाण्याची नामुष्की टळते.

याच कागदासोबत एक निर्णय घ्यायचा असतो, आणि तो नंतर घेता येत नाही. करार लागू होण्यापूर्वी गोळा केलेल्या सागरी जनुकीय नमुन्यांचा वापरही करारात येतो. तो नको असेल तर देशाने सामील होतानाच तसा अपवाद लेखी नोंदवायचा. ज्या देशांकडे प्रयोगशाळा आणि नमुन्यांचे साठे आहेत त्यांच्या सोयीची ही तरतूद आहे. प्रयोगशाळा नसलेल्या द्वीपदेशाला या नमुन्यांपासून होणाऱ्या लाभात वाटा हवा असतो, त्यामुळे दुसऱ्या देशाच्या पत्राचा नमुना उतरवून घेताना हा परिच्छेद अनवधानाने आपल्या पत्रात येऊ देऊ नये.

पलाऊने २२ जानेवारी २०२४ रोजी सगळ्यात आधी अनुसमर्थन केलं. बेलीझ, सेशेल्स, मॉरिशस, मायक्रोनेशिया हेही सुरुवातीच्या देशांत आहेत. लहान देशाला हे जमत नाही, असं म्हणायला त्यामुळे वाव उरत नाही.

पैसा कुठून आणि पत्र कोणाचं

कराराच्या कलम ५२ ने तीन वाटा ठेवल्या आहेत. बैठकींना प्रतिनिधी पाठवता यावेत म्हणून ऐच्छिक निधी. क्षमता वाढवण्यासाठी विशेष निधी. आणि जागतिक पर्यावरण सुविधा, जिला सगळे ‘जेफ’ म्हणतात.

विशेष निधीत विकसित सदस्य देशांनी दरवर्षी भर घालायची आहे. कराराच्या अंदाजपत्रकात त्यांच्या वाट्याला जी रक्कम येते तिच्या ५० टक्के. या निधीतून प्रशिक्षण आणि संवर्धनाचे प्रकल्प तर करता येतातच, शिवाय लोकांशी सल्लामसलत करण्याचा खर्च आणि पारंपरिक ज्ञान जपणाऱ्या स्थानिक समुदायांचं कामही त्यात बसतं. हा शेवटचा भाग अर्जदार विसरतात. पिढ्यान्‌पिढ्या समुद्र वाचत आलेल्या नावाड्यांना बैठकीला आणण्याचा खर्च मागणं पूर्णपणे नियमात आहे. अर्जाचे नमुने ठरवण्याचा अधिकार सदस्य देशांच्या परिषदेचा आहे आणि तिची पहिली बैठक करार लागू झाल्यापासून वर्षभरात घ्यायची आहे. पण कराराने तत्त्व आधीच घालून दिलं आहे: लहान द्वीपदेश आणि अल्पविकसित देश यांच्यासाठी अर्ज आणि मंजुरी दोन्ही सोपी असावीत. फॉर्म अवघड झाला तर परिषदेत हेच कलम पुढे करायचं.

जेफचा रस्ता वेगळा. तिथे देश थेट अर्ज करत नाही. जेफच्या १८ मान्यताप्राप्त संस्थांपैकी एक निवडायची. संयुक्त राष्ट्रांचे विकास व पर्यावरण कार्यक्रम, अन्न व कृषी संघटना, जागतिक बँक या त्यातल्याच. ती संस्था प्रस्ताव तयार करते, आणि त्याला देशाच्या जेफ संपर्क अधिकाऱ्याचं पाठिंबापत्र जोडावं लागतं. हा अधिकारी बहुधा पर्यावरण किंवा अर्थ खात्यात बसतो. म्हणजे पाहा: करारावरची सही परराष्ट्र खात्याची, रोजचं काम मत्स्य खात्याचं आणि पैशासाठीचं पत्र पर्यावरण खात्याचं. तीन खाती आणि एक फाइल. लहान देशांचे अर्ज रखडतात त्यामागे माझ्या मते पैशाच्या टंचाईइतकंच हेही कारण असतं. पहिल्याच दिवशी तिन्ही खात्यांतला एकेक माणूस नावानिशी ठरवून टाकावा.

गरजांचा कागद

बीबीएनजे कराराखालच्या मदतीचा पाया म्हणजे गरजांचं मूल्यांकन. देशाने ते स्वतः करावं, किंवा करारानुसार नेमायच्या क्षमताविकास समितीची मदत घ्यावी. शेजारच्या देशांबरोबर मिळून केलं तरी चालतं, आणि पॅसिफिकसारख्या ठिकाणी तेच शहाणपणाचं.

मूल्यांकन म्हणजे खरेदीची यादी नव्हे. ‘दोन नौका, एक ड्रोन, पाच संगणक’ असा अर्ज वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. कराराचं कोणतं बंधन आपल्याला आज पाळता येत नाही, तिथून सुरुवात करावी. समजा देशाच्या ध्वजाखाली परदेशी मालकीची शेकडो जहाजं नोंदलेली आहेत. अशा देशाच्या नियंत्रणाखाली खुल्या समुद्रात काही नवं काम होणार असेल तर त्याच्या परिणामांचं मूल्यांकन करवून घेण्याची जबाबदारी त्या देशावर येते. त्यासाठी कायदा नाही, हे लिहा. अहवाल तपासायला सागरी जीवशास्त्रज्ञ एकच आहे, हे लिहा. मग मागणी: कायद्याच्या मसुद्यासाठी सहा महिन्यांचा तज्ज्ञ, दोन जणांचं प्रशिक्षण, आणि अहवाल तपासण्यासाठी शेजारी देशांसोबत सामाईक समिती. सोबत खर्चाचं विवरण आणि प्रकल्प संपल्यावर पगार कोण देणार याची एक ओळ. ती ओळ नसली की यंत्रं येतात आणि तीन वर्षांनी खोक्यात जातात.

ही गरज कराराच्या क्लिअरिंग हाऊसवर, म्हणजे माहितीच्या सामाईक मंचावर, नोंदवता येते. कोणाला काय हवं आणि कोणाकडे काय आहे याची सांगड घालणं हे त्या मंचाचं कामच आहे.

मासेमारीचा विषय असेल तर

मग दार बदला. प्रादेशिक मत्स्य संघटनेच्या बैठकीचा खर्च किंवा माशांच्या साठ्याचा अंदाज घेण्याचं प्रशिक्षण बीबीएनजेच्या निधीकडे मागण्यात अर्थ नाही. त्यासाठी १९९५ चा मत्स्यसाठा करार आहे आणि त्याच्या सातव्या भागाखालचा साहाय्य निधी, जो संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २००३ मध्ये स्थापला. अर्ज अन्न व कृषी संघटनेकडे जातो. पात्रता त्या कराराच्या विकसनशील सदस्यांना. मागणीचा कराराच्या अंमलबजावणीशी काय संबंध आहे आणि खर्च कलमवार किती, हे दोन्ही अर्जात हवं. निधी देणग्यांवर चालतो, तळ दिसला की बिनचूक अर्जही वाट पाहत बसतो. म्हणून बैठकीची तारीख कळताच अर्ज करावा.

बेकायदा मासेमारी करणाऱ्या परदेशी बोटी बंदरात अडवायच्या असतील तर २०१६ पासून लागू असलेला बंदर-राज्य उपाययोजना करार पाहावा. त्याच्या कलम २१ मध्ये विकसनशील देशांच्या मदतीची सोय आहे.

मत्स्य-अनुदानांचं, म्हणजे सरकारं मासेमारीला देतात त्या पैशांचं, दार जिनिव्हात आहे. त्यावरचा जागतिक व्यापार संघटनेचा करार १५ सप्टेंबर २०२५ ला लागू झाला. स्वीकृतीपत्र या संघटनेच्या महासंचालकांकडे जमा करायचं. न्यूयॉर्कला पाठवलेला कागद इथे मोजला जात नाही. कराराच्या कलम ७ खालच्या निधीने २०२५ मध्ये पहिल्यांदा प्रस्ताव मागवले. प्रकल्पाच्या तयारीसाठी ५० हजार डॉलरपर्यंत आणि प्रत्यक्ष प्रकल्पासाठी ३ लाख डॉलरपर्यंत अनुदान ठेवलं होतं. एक गोष्ट लक्षात घ्यावी: लागू झाल्यापासून चार वर्षांत अनुदानांवरचे सर्वंकष नियम ठरले नाहीत, तर सर्वसाधारण परिषदेने वेगळा निर्णय घेतला नसल्यास हा करार आपोआप संपतो. म्हणजे घड्याळ १५ सप्टेंबर २०२९ पर्यंतचं आहे. सगळे अर्ज एकदम करण्याइतकी माणसं हाताशी नसतील, तर पहिला अर्ज इथे करावा.