सरे परगण्यातली पाणंद आणि लंडनचं गिऱ्हाईक

शाकारलेलं छप्पर, भिंतीलगत उंच वाढलेली हॉलीहॉकची फुलझाडं, फाटकाशी पांढरा अ‍ॅप्रन बांधलेली बाई आणि पुढे वळत गेलेली पाणंद. इंग्लंडच्या खेड्यांची ही जलरंगचित्रं बिस्किटांच्या डब्यांवर इतकी दिसतात की ती पूर्वापार चालत आली असावीत असं वाटतं. खरं तर त्यांचा बहर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, आणि त्यामागे खेड्यापेक्षा शहराचा हात मोठा.

1851च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्सची निम्म्याहून अधिक वस्ती शहरी भरली. धुरकट लंडनमध्ये पैसा होता आणि भिंतीवर टांगायला हिरवं गाव हवं होतं. जलरंगवाल्यांनी 1804मध्येच आपली वेगळी संस्था काढली होती. रॉयल अकादमी या मानाच्या कलासंस्थेत तैलचित्रांपुढे त्यांना कोण विचारणार? पुढे 1830च्या दशकात ग्लिसरीन घातलेले ओलसर रंग बाजारात आले आणि बांधावर बसून रंगवणं सोपं झालं. 1859मध्ये लंडनहून पोर्ट्समथकडे जाणारी रेल्वे सरे परगण्यातल्या विटली गावावरून धावू लागली. जलरंगचित्रकार मायल्स बर्केट फॉस्टर तिथे घर बांधून राहिले, आणि 1881मध्ये जवळच्याच सँडहिल्सला चित्रकार हेलन अ‍ॅलिंगहॅम आल्या.

हेलन (1848–1926) पूर्वी ‘द ग्राफिक’ साप्ताहिकासाठी चित्रं काढत. प्रत्यक्ष जागेवर बसून रंगवायचं आणि रंग स्पंजने टिपून किंवा चाकूने खरवडून उजेड काढायचा, ही त्यांची पद्धत. पण त्यांच्या घाईचं कारण वेगळंच होतं. शेतीत मंदी आलेली, दुरुस्तीला पैसा नाही. जुनी घरं पाडली जात होती, नाहीतर शहरी मालक ती ‘सुधारून’ घेत. 1886मध्ये लंडनच्या फाइन आर्ट सोसायटीत त्यांनी सरेतल्या घरांची चित्रं मांडली, ती या पडझडीची नोंद म्हणूनही. मात्र नोंद अगदी चोख नव्हे: नव्या खिडकीच्या जागी त्या शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या बारीक काचांची जुनी खिडकी रंगवत. आतली ओल आणि शेतमजुराची तुटपुंजी मजुरी तर चित्रात येतच नाही.

ही उणीव मला खटकते, पण त्यांना नुसतं गोडबोलं ठरवणंही बरोबर नाही. 1890मध्ये रॉयल वॉटरकलर सोसायटीने, म्हणजे 1804च्या त्याच संस्थेने, पूर्ण सभासदत्व दिलेल्या त्या पहिल्या महिला. आदल्याच वर्षी पती, कवी विल्यम अ‍ॅलिंगहॅम, वारले होते. तीन मुलांचा संसार चित्रांच्या विक्रीवर चालायचा होता. गिऱ्हाइकाला कोणती खिडकी आवडते, हे त्यांना पाहावंच लागत असणार.