रात्रभर दातांवर राहणारे औषध : घरगुती दंतशुभ्रीकरणाची पार्श्वभूमी

घरच्या घरी दात उजळण्याची जी साधने आज औषधांच्या दुकानांत आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत दिसतात, त्यांचा उगम दात पांढरे करण्याच्या खटाटोपात नव्हे, तर हिरड्यांच्या उपचारात आहे. 1968 च्या सुमारास अमेरिकेतील आर्कान्सॉ राज्यात, फोर्ट स्मिथ येथे, बिल क्लुस्मायर नावाचे दंतवैद्य वेडेवाकडे दात सरळ करण्याचे काम करीत. तारा काढल्यानंतर दात पुन्हा सरकू नयेत म्हणून रुग्णाला रात्री तोंडात साचा घालून झोपावे लागते. हिरड्या दुखऱ्या झाल्यावर क्लुस्मायर त्याच साच्यात ‘ग्लाय-ऑक्साइड’ हे तोंडासाठीचे साधे जंतुनाशक घालायला सांगू लागले, ज्यात 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड असे. हिरड्या बऱ्या झाल्याच, शिवाय दातांचा पिवळेपणाही उतरलेला दिसला. पुढे ते ‘प्रॉक्सिजेल’ वापरू लागले, कारण ते अधिक दाट होते आणि साच्यातून लवकर वाहून जात नसे.

औषध दाट असावे आणि दाताला चिकटून राहावे, ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. पण माझ्या मते या उपचाराच्या इतिहासातील खरी प्रगती तीच आहे. रसायन जुनेच आहे. कार्बामाइड पेरॉक्साइडमधून दातावर जे मोकळे होते, त्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा शोध लुई जाक थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1818 मध्ये लावला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते दात उजळण्यासाठी वापरलेही जात होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दंतवैद्य 30 ते 35 टक्क्यांचे तीव्र द्रावण उष्णतेच्या किंवा प्रकाशाच्या साहाय्याने वापरीत. त्याचा थेंब हिरडीवर पडला तर ती पांढरीफटक पडून भाजल्यासारखी होते, म्हणून दातांभोवती रबराचा पडदा ताणून बसवावा लागे. हे काम खुर्चीवर, दंतवैद्याच्या नजरेखालीच होऊ शकत होते.

क्लुस्मायर यांची युक्ती सुमारे 20 वर्षे दंतवैद्यांच्या आपापसांतील चर्चेतूनच पसरत राहिली. उत्तर कॅरोलिना विद्यापीठातील व्हॅन हेवूड आणि हॅराल्ड हायमन यांनी 1989 मध्ये ती शास्त्रीय नियतकालिकात मांडली आणि मग मात्र तिला वेगाने मान्यता मिळत गेली. कार्बामाइड पेरॉक्साइड म्हणजे युरिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांची जोडी. तोंडातील ओलाव्याने ती सुटते आणि 10 टक्क्यांच्या जेलमधून साधारण 3.5 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मोकळे होते, म्हणजे दवाखान्यातील द्रावणाच्या जवळजवळ दहावा हिस्सा. ते दाताच्या वरच्या कठीण थरातून आत झिरपून रंग धरून ठेवणाऱ्या रेणूंचे विघटन करते. प्रमाण एवढे कमी असल्यामुळेच त्याला वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ मिळवून देण्याचे काम साचा करतो.

हा साचा हातात घेऊन पाहण्यासारखा असतो. दातांचे माप घेऊन त्याची प्लास्टरची प्रतिकृती करतात, तिच्यावर प्लास्टिकचा पातळ पत्रा तापवून ओढून बसवतात आणि त्याची कड हिरडीच्या रेषेलगत कात्रीने कापून घेतात. प्रत्येक दाताच्या खोबणीत समोरच्या बाजूला जेलचा ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब पुरतो. साचा चढवल्यावर हिरडीवर आलेले जेल बोटाने किंवा मऊ ब्रशने लगेच पुसून घ्यावे लागते.

2001 च्या सुमारास ‘क्रेस्ट व्हाइटस्ट्रिप्स’ बाजारात आल्या आणि साच्याचीही गरज उरली नाही. पेरॉक्साइडचे पातळ जेल लावलेली लवचिक पट्टी दिवसातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, दोन आठवडे लावायची, एवढीच तिची पद्धत होती. मात्र दंतवैद्याची तपासणीही त्याबरोबर गळून पडली, आणि ही गोष्ट मला चिंतेची वाटते. कारण दाताला कीड किंवा बारीक चीर असेल तर पेरॉक्साइड थेट आत पोहोचते. निरोगी दातातही ते आतील मज्जातंतूपर्यंत झिरपते, म्हणून उपचाराच्या दिवसांत गार पाण्याने दातांत कळ उठते. ती कमी व्हावी म्हणून पुढे अनेक जेलमध्ये पोटॅशियम नायट्रेट आणि फ्लोराइड घातले गेले.

युरोपीय संघाने 2011 च्या निर्देशाने याबाबत नेमकी रेषा आखली. 0.1 टक्क्यापर्यंत पेरॉक्साइड असलेली उत्पादने खुली विकता येतात. त्याहून अधिक, 6 टक्क्यांपर्यंतची उत्पादने केवळ दंतवैद्यांनाच विकायची, प्रत्येक उपचारक्रमातील पहिला वापर त्यांच्या देखरेखीखाली करायचा आणि 18 वर्षांखालील व्यक्तींवर ती वापरायची नाहीत. अलीकडे घरगुती संचांबरोबर निळा दिवा येऊ लागला आहे, परंतु मुख्य काम जेलच करते, दिव्याने त्यात फारशी भर पडत नाही.

आपल्याकडे या उपचाराकडे वळण्याआधी डाग कोणता आहे हे पाहावे लागते. मिश्री, तंबाखू आणि चहाचे डाग दाताच्या पृष्ठभागावर बसतात. ते दवाखान्यात दात साफ करून घेतले की बऱ्याच अंशी निघतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत पाण्यातील जादा फ्लोराइडमुळे पडलेले डाग मात्र दाताच्या घडणीतच असतात. त्यांतील तपकिरी छटा पेरॉक्साइडने फिकी होते, पण खडूसारखे पांढरे ठिपके तसेच राहतात. बालपणी टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक औषध घेतल्याने करडे झालेले दात उजळायला तर कित्येक महिने रोज रात्री साचा घालावा लागतो. दातात भरलेल्या सिमेंटचा किंवा बसवलेल्या कॅपचा रंग मात्र यांपैकी कशानेही उजळत नाही.