कॉम्प्युटर आधी माणूस होता : मूलभूत संज्ञांची पार्श्वभूमी

संगणकशास्त्राच्या पहिल्याच धड्यात विद्यार्थ्यासमोर संज्ञांचा ढीग येऊन पडतो. कॉम्प्युटर, मेमरी, अल्गोरिदम, लूप, बग, बिट, बाइट. व्याख्या पाठ होतात, उत्तरपत्रिकेत उतरतात आणि सुट्टी लागेपर्यंत विसरूनही जातात. मला वाटतं, याचं एक कारण शिकवण्यात आहे. सगळ्या संज्ञा कुणीतरी एका बैठकीत ठरवून दिल्या असाव्यात, अशा थाटात त्या समोर ठेवल्या जातात. खरं पाहता यातले कितीतरी शब्द यंत्राहून जुने आहेत. माणसांच्या कामावरून आणि हाताशी असलेल्या वस्तूंवरून ते यंत्राकडे आले, आणि तो मूळ अर्थ कळला की व्याख्या घोकावी लागत नाही.

'कॉम्प्युटर' हाच शब्द घ्या. इंग्रजीत तो सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून छापील स्वरूपात सापडतो, आणि पुढची तीनेकशे वर्षं त्याचा अर्थ होता आकडेमोड करणारा माणूस. हॅलेचा धूमकेतू परत कधी येणार हे काढण्यासाठी अलेक्सी क्लेरो, जेरोम लालांद आणि निकोल-रेन लपोत या तिघांनी पॅरिसमध्ये महिनोन् महिने हातानं गणित केलं. धूमकेतू १७५९ च्या एप्रिलच्या मध्याला सूर्याच्या सर्वांत जवळ येईल, महिनाभर इकडेतिकडे होऊ शकेल, असं त्यांचं उत्तर होतं. तो आला १३ मार्चला. एवढं मोठं गणित एकट्याच्या आवाक्यातलं नव्हतं. त्याचे तुकडे करायचे, ज्यानं त्यानं आपला तुकडा सोडवायचा, उत्तर पुढच्याकडे द्यायचं, चुका तपासायच्या, ही सगळी शिस्त यंत्र येण्याच्या कितीतरी आधी माणसांनी बसवलेली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्डच्या वेधशाळेत हे काम स्त्रियांचा एक मोठा गट करत होता. दुसऱ्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या मार्गांचे तक्ते तयार करण्यासाठी अमेरिकेत अनेक तरुणी नेमल्या गेल्या, आणि त्यांच्या हुद्द्याचं नावच 'कॉम्प्युटर' होतं. त्यांच्यातल्याच सहा जणींनी पुढे एनिॲक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकाचं प्रोग्रॅमिंग केलं. १९४६ मध्ये ते यंत्र जगापुढे आलं आणि नाव हळूहळू बाईकडून यंत्राकडे सरकलं. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांच्या १९३६ च्या प्रसिद्ध निबंधातला 'कॉम्प्युटर'सुद्धा माणूसच आहे. मुलांच्या गणिताच्या वहीसारख्या चौकटी आखलेल्या कागदावर तो एकेक चिन्ह वाचतो, आणि पुढची कृती दोन गोष्टींवरून ठरते : समोरचं चिन्ह आणि त्याची मनःस्थिती. आज आपण यंत्राची 'स्टेट' म्हणतो, तेव्हा त्यामागे त्या माणसाची ही मनःस्थिती आहे. मराठीनं 'संगणक' शब्द घडवला तोही याच वाटेवर पडतो. 'गणक' म्हणजे गणित करणारा, विशेषतः ग्रहगणित करणारा माणूस, हा अर्थ संस्कृतात फार जुना आहे.

'मेमरी'ची कथा अशीच माणसापाशी जाते. इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांनी १८३० च्या दशकात आपल्या नियोजित यंत्राचे दोन भाग कल्पिले आणि त्यांना 'स्टोअर' आणि 'मिल' अशी नावं दिली. एक कोठार, दुसरी गिरणी. कापडाच्या गिरण्यांच्या काळातली ही नावं मला आजही अतिशय समर्पक वाटतात : कोठारातून आकडे आणायचे, गिरणीत त्यांच्यावर प्रक्रिया करायची, परत कोठारात ठेवायचे. मेमरी आणि प्रोसेसर यांचं नातं याहून सोपं करून सांगणं अवघड आहे. पण १९४५ मध्ये गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी एडव्हॅक या नियोजित संगणकाचा आराखडा लिहिताना मज्जासंस्थेची उपमा वापरली, यंत्राच्या भागांना 'अवयव' म्हटलं आणि साठवणीच्या भागाला 'मेमरी'. ब्रिटनमध्ये 'स्टोअर' बराच काळ चालू राहिला, पण अखेर स्मृती जिंकली आणि कोठार मागे पडलं.

'अल्गोरिदम' हे एका माणसाचं नाव आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी या गणितज्ञानं भारतीय अंकांनी आकडेमोड कशी करायची यावर पुस्तक लिहिलं. बाराव्या शतकात त्याचा लॅटिन अनुवाद झाला, लेखकाच्या नावाचं लॅटिन रूप 'अल्गोरित्मी' झालं आणि त्या पद्धतीलाच ते नाव चिकटलं. म्हणजे शाळेत हातचा घेऊन केलेली बेरीज हा या शब्दाचा मूळचा अर्थ. त्याच्याच दुसऱ्या पुस्तकाच्या शीर्षकातल्या 'अल-जब्र'वरून 'अल्जिब्रा' आला.

'डेटा' म्हणजे लॅटिनमध्ये 'दिलेल्या गोष्टी'. गणितात आपण 'दिलेलं आहे' म्हणून जे लिहितो, तेच. म्हणून मराठीतला 'दत्तांश' हा प्रतिशब्द मला जवळचा वाटतो. दत्त म्हणजे दिलेलं. मूळ अर्थ त्यात जसाच्या तसा आहे.

'लूप' आणि 'पॅच' तर एके काळी हातात धरता येत होते. १९४४ च्या हार्वर्ड मार्क वन यंत्राला सूचना मिळत त्या भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून. त्याच सूचना पुन्हा पुन्हा चालवायच्या असतील तर पट्टीची दोन टोकं एकमेकांना चिकटवून वेटोळं करायचं. चुकीचं भोक पडलं असेल तर त्यावर कागदाचं ठिगळ लावायचं. आज फोनवर 'सिक्युरिटी पॅच' येतो, तो या ठिगळाचाच वंशज.

'बग' (इंग्रजीत किडा) या शब्दाबद्दल मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड मार्क टू यंत्राच्या रिलेत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये, पतंग हा उडणारा किडा सापडला, तो नोंदवहीत चिकटवला गेला, आणि तिथूनच हा शब्द निघाला, असं सर्रास सांगितलं जातं. पतंग खरा आहे, नोंदवहीही जपलेली आहे. पण त्याच्याशेजारी लिहिलेल्या ओळीचा अर्थ आहे, 'बग प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच घटना'. शब्द आधीपासून वापरात होता, म्हणून तर तो किडा बघून त्यांना गंमत वाटली. यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणणं थॉमस एडिसन यांच्या १८७८ च्या पत्रातही आहे. अमेरिकन संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर ही गोष्ट फार रंगवून सांगत, त्यामुळे ती सर्वतोमुखी झाली. हॉपर यांचं शब्दसंग्रहाशी असलेलं खरं नातं 'कंपायलर'चं. तयार सूचनासंच शोधून, एकत्र जुळवून प्रोग्रॅम बनवणाऱ्या त्यांच्या १९५२ च्या प्रणालीला हे नाव होतं, आणि 'कंपाइल' म्हणजे संकलन करणं, इतकाच त्याचा अर्थ होता.

आता बिट आणि बाइट. 'बायनरी डिजिट', म्हणजे ० किंवा १ यांपैकी एक अंक, हे दोन शब्द आखडून अमेरिकन गणितज्ञ जॉन ट्युकी यांनी 'बिट' केला. क्लॉड शॅनन यांनी १९४८ च्या आपल्या निबंधात तो वापरला आणि श्रेय ट्युकी यांना दिलं. इंग्रजीत 'बिट'चा एरवीचा अर्थ लहानसा तुकडा, तोही इथे नेमका बसला. १९५६ मध्ये आयबीएमच्या स्ट्रेच यंत्रावर काम करताना वर्नर बुखोल्झ यांना काही बिटांच्या गटासाठी नाव हवं होतं. तुकड्याहून मोठा तो घास, म्हणून 'बाइट'. पण इंग्रजीत घासाच्या स्पेलिंगमधलं शेवटचं अक्षर गळलं की त्याचा 'बिट' होतो, म्हणून स्पेलिंग मुद्दाम बदललं. देवनागरीत ही दोन्ही रूपं वेगळीच दिसतात, त्यामुळे मराठीतून शिकणाऱ्याला ही अडचण जाणवतच नाही. सुरुवातीला बाइट आठ बिटांचा नव्हता, गरजेनुसार कमीजास्त असे. १९६४ मध्ये आयबीएमच्या सिस्टिम ३६० मालिकेनं आठ बिट धरले आणि तेच रूढ झालं.

बाइटच्या पुढच्या पायरीवर मात्र अजून एकमत नाही. 'किलो' म्हणजे १०००, पण संगणकात २ चा दहावा घात, म्हणजे १०२४, सोयीचा पडतो, म्हणून त्यालाही 'किलोबाइट' म्हणू लागले. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगानं १०२४ साठी 'किबिबाइट' हा वेगळा शब्द दिला. तो नियमांत आला, बोलण्यात फारसा आला नाही. म्हणून ५०० गिगाबाइट छापलेली डिस्क विंडोजला जोडली की पडद्यावर ४६५ गिगाबाइट दिसतात. बाइटपासून गिगाबाइटपर्यंतच्या तिन्ही पायऱ्यांवर डिस्क बनवणारा हजारानं गुणतो, विंडोज १०२४ नं भागते, आणि दोघंही एकच शब्द लिहितात.