गळ्यातला डाग आणि कापसाचा हंगाम : वऱ्हाडी माळांची पार्श्वभूमी

विदर्भातल्या खेड्यांत गळ्यात काय काय घालत, याची यादी काढा. गरसोळी, एकदाणी, बोरमाळ, पुतळ्यांची माळ, काळ्या पोतीतलं डोरलं. बहुतेक सगळं दोऱ्यात ओवलेलं. अखंड साखळी जवळजवळ नाहीच. ही निव्वळ आवडीनिवडीची गोष्ट नाही. ओवलेल्या माळेतून चार मणी काढून देता येतात आणि उरलेली माळ गळ्यात राहते. कापसाच्या भरवशावर वर्ष काढणाऱ्या घराला असाच डाग, म्हणजे दागिना, परवडत होता. आज लग्नाच्या खरेदीत गंठण घ्यावं की डोरलं, लांब घ्यावं की गळ्याबरोबर, यावर मायलेकींचे वाद होतात. त्या वादाच्या मागे हा सगळा इतिहास आहे.

मण्यांचं नातं तर या भागाशी फार जुनं. नागपूरजवळच्या माहुरझरीत उत्खननात अकीक, तांबडा अकीक अशा दगडांचे मणी सापडले, त्यांत अर्धवट घडवलेलेही होते. म्हणजे मणी इथेच तयार होत. महापाषाणकाळापासून वाकाटकांच्या काळापर्यंत हे काम तिथे चाललं. सोनं सामान्य गळ्यापर्यंत पोचलं ते त्यानंतर कितीतरी शतकांनी, आणि पोचलं तेही नाण्याच्या रूपात. पुतळी म्हणजे मूळची व्हेनिसची डुकाट, साडेतीन ग्रॅमच्या आसपासची. व्यापारातून ती इकडे आली, लोकांना नाण्यावरच्या उभ्या आकृती आवडल्या, सोनारांनी तशाच चकत्या घडवल्या आणि त्यांची माळ झाली. ज्यांच्या आवाक्यात सोनं नव्हतं त्यांच्याकडे रुपयांची माळ असे. गोंड आणि बंजारा बायकांच्या गळ्यात नाण्यांच्या माळा अजूनही दिसतात.

नाण्यांच्या माळेतला हिशेब सरळ होता. राणी छाप, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या छापाचा चांदीचा रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा. माळेत वीस रुपये असले तर वीस तोळे झाले, तराजूची गरज नाही.

ही चांदी वऱ्हाडात आणली कापसाने. १८५३ साली इंग्रजांनी वऱ्हाडचा कारभार हाती घेतला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडात मँचेस्टरच्या गिरण्यांना पोचेना, आणि आपल्याकडच्या कापसाचा भाव भडकला. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला आली आणि १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा गेला. कापूस मुंबईकडे जायचा आणि बदल्यात चांदी यायची. खामगावच्या चांदीचं नाव आजही निघतं. सरी, हसळी असे चांदीचे जाड डाग हीच तेव्हा शेतकऱ्याच्या घरची ठेव होती.

मग १८९३ आलं. तोवर कुणीही चांदी टांकसाळीत नेऊन रुपये पाडून घेऊ शकत होता, म्हणून डागातली चांदी आणि हातातला रुपया यांत फारसं अंतर नव्हतं. जून १८९३ मध्ये सरकारने ही मुभा काढून घेतली. रुपयाचा भाव सरकारने धरून ठेवला आणि चांदीचा घसरत गेला. तीनच वर्षांनी १८९६-९७ चा दुष्काळ पडला आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा छप्पन्न्या. बायकांनी सरी-हसळ्या बाजारात काढल्या तेव्हा बापजाद्यांनी जेवढ्या रुपयांना घेतल्या होत्या त्याच्या जवळपासही पैसे मिळाले नाहीत. हा निर्णय दूर कुठेतरी झाला आणि त्याची किंमत वऱ्हाडातल्या बाईने गळ्यातून काढून मोजली, हे वाचताना आजही चीड येते. चांदीवरचा विश्वास तिथून उडत गेला आणि ऐपत असेल तसं सोनं गळ्याशी आलं, असं मला वाटतं.

सोनं आलं तरी ठेव म्हणून वापरायची रीत तीच राहिली. मृगात पेरणी लागते तेव्हा घरात रोकड नसते. बी-खतासाठी डाग गहाण जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस घरात येऊ लागतो, विकला की डाग सुटतो, आणि हात मोकळा असेल तर माळेत दोन मणी वाढतात. लग्नसराई त्याच पैशावर उभी राहते. १९७२ पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारने घ्यायचा अशी पद्धत, सुरू झाली तेव्हा चुकारे, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, हप्त्याहप्त्याने येत, त्यामुळे सोनंही एकदम न येता मण्यामण्यानेच आलं. एकदाणीत सुरुवातीला काळे मणी जास्त आणि सोन्याचे मोजके, पुढे काळे कमी होत जाणार, अशा माळा या वाढण्यातूनच तयार झाल्या.

ही माळ गाठवायचं काम पटवेकऱ्याचं. तो मांडी घालून बसतो, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवतो, ताण धरतो आणि मण्यामागे मणी गाठीत बसवत जातो. मणी एकमेकांवर घासू नये, दोरा तुटला तरी सगळी माळ सांडू नये, ही काळजी त्या गाठींची. बोरमाळेचा मणी फुटला तर आत काय आहे ते दिसतं: कागदासारखा सोन्याचा पत्रा आणि पोटात काळपट लाख. लाखेमुळे पत्रा चेपत नाही आणि थोड्या सोन्यात मणी भरदार दिसतो. ही लाख गोंदिया-भंडाऱ्याकडच्या जंगलात पळसावर होते. मोडीला मात्र सोनार आधी लाख काढतो आणि उरलेल्या पत्र्याचंच वजन धरतो.

डागाची लांबी ठरवली कामाने आणि नेसण्याने. निंदण-वेचणीला दिवसभर वाकलेली बाई लांब हार घालणार कशी? पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत, तो अडकणार. शिवाय लुगड्याचा पदर डोक्यावरून छातीवर यायचा, दिसायचा तो गळाच. म्हणून रोजची गरसोळी गळ्याबरोबर आणि लांब माळा सणावारापुरत्या. पाचवारी साडी आल्यावर छातीवरची जागा मोकळी झाली आणि लांब गंठण रुळलं. आता तरुण मुलींना बोटभर काळे मणी आणि बारीक पदक पुरतं. थोरल्यांना ते उणं वाटतं, पण रानात जाणाऱ्या आज्यांची पोतही आखूडच होती.

मध्ये एक मोठा खंड पडला. जानेवारी १९६३ मध्ये, चीन युद्धानंतर, सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरेटपेक्षा जास्त शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. चौदा कॅरेट म्हणजे शंभरात साडेअठ्ठावन्न भाग सोनं. ते कडक, त्याचा बारीक पत्रा काढणं आणि जुन्या पद्धतीने मणी वळणं अवघड. देशभर सोनारांचं काम बसलं. कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली, पण १९६८ चा कायदा जाच करतच राहिला आणि तो रद्द झाला १९९० मध्ये. या वर्षांत ज्या सोनारांची मुलं दुसऱ्या धंद्यात गेली, त्यांच्याबरोबर हाताने मणी वळायचं कसब गेलं. पुढे यंत्रावरची साखळी आली तेव्हा तिला तोंड द्यायला गावात कारागीरच उरला नव्हता.

२०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या वर गेला आणि त्याच वर्षी हॉलमार्कमध्ये, म्हणजे शुद्धतेच्या अधिकृत शिक्क्यात, नऊ कॅरेटचाही समावेश झाला. नऊ कॅरेट म्हणजे शंभरात साडेसदतीस भाग सोनं. गावच्या बाजारात एक ग्रॅमचे आणि बेन्टेक्सचे, म्हणजे वरून सोन्यासारखा मुलामा दिलेले, हार तर कधीपासून आहेत. लग्नात मिरवायला आणि फोटोला ते छान शोभतात. खरं डोरलं घरात आणि वरून पॉलिशचा लांब हार, अशी जोडणी मला शहाणपणाची वाटते. गळा भरून दिसतो आणि कर्ज होत नाही. जोडणी करताना गळ्याशी एक, छातीवर एक, एवढं पुरे. मधल्या उंचीचे दोन डाग एकत्र घातले की ते गुंततात आणि दोन्ही दिसत नाहीत.

पण ज्यावर अडीअडचणीला पैसे उभे करायचे, तो डाग बावीस कॅरेटचाच घ्यावा. बिलावर लाख, काळे मणी आणि खडे वगळून निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून घ्यावं, कारण बँक कर्ज देते ते त्याच वजनावर. आतून पोकळ साखळी वजनाला हलकी आणि दिसायला भरदार असते, पण एकदा चेपली की नीट होत नाही. पोतीचा दोरा घामाने कुजतो, तो दरवर्षी बदलून घ्यावा. २०२१ मध्ये २५६ जिल्ह्यांपासून हॉलमार्कची सक्ती सुरू झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून विक्रीच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लागतो; तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूला मात्र या सक्तीतून सूट आहे. मण्यामण्याने माळ वाढवणाऱ्या घराची खरेदी नेमकी या सुटीत बसते. तिथे शिक्का नसेल, म्हणून प्रत्येक खरेदीचं पक्कं बिल कॅरेट आणि वजनासकट घेऊन डागासोबतच जपून ठेवावं.