मळभाचा उजेड: कोकण आणि कॅमेऱ्यामागचा माणूस

वेंगुर्ल्यात घडणाऱ्या 'थ्री ऑफ अस' या हिंदी चित्रपटासाठी अविनाश अरुण यांना २०२४च्या फिल्मफेअर सोहळ्यात सर्वोत्कृष्ट छायाचित्रणाचा पुरस्कार मिळाला. त्यानंतरच्या आठवड्यात आमच्याकडच्या तीन-चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला. वेंगुर्लं पडद्यावर सुंदर दिसलं हे खरं, पण ते मुळातच सुंदर आहे. मग कॅमेरामनने त्यात वेगळं काय केलं? प्रश्न मनापासून विचारलेला होता. त्याचं उत्तर द्यायचं तर कोकणातल्या उजेडापासून सुरुवात करावी लागते, आणि हा उजेड आपल्या सिनेमाने किती वर्षं नाकारला तिथपर्यंत मागे जावं लागतं.

मागे म्हणजे अगदी आरंभापर्यंत. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती टिपली. डिसेंबर १९०१मध्ये केंब्रिजला सीनिअर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, होऊन परतलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या स्वागताचं चित्रण त्यांनीच केलं. भारतातल्या पहिल्यावहिल्या वृत्तचित्रांत त्याची गणना होते. रँग्लर परांजपे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. म्हणजे भारतीय माणसाच्या हातात कॅमेरा आला आणि दोन-तीन वर्षांत कोकणातला माणूस त्याच्यासमोर उभा राहिला. कोकण मात्र उभं राहायला फार वेळ लागला.

एक कारण फिल्मचंच. त्या काळची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती आणि निळ्याला नको तितकी हळवी. अशा फिल्मवर आमची जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, कशी उतरेल याची कल्पना करा. चिऱ्याची भिंत, कौलं, लाल माती सगळं काळंठिक्कर, वर आभाळ पांढरंफटक. कोकणाचा जो रंग आपण डोळे मिटले तरी पाहतो, तोच नेमका तिला दिसत नव्हता. सगळ्या रंगांना प्रतिसाद देणारी पँक्रोमॅटिक फिल्म १९२०च्या दशकात रुळू लागली तेव्हा कुठे हा अडसर कमी झाला.

दुसरं कारण उन्हाचं. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) दादासाहेब फाळक्यांनी दादरला आणि बाहेरची दृश्यं वांगणीला घेतली, ती सूर्याच्या भरवशावर. कॅमेऱ्यावर होते त्र्यंबक तेलंग. त्यांना कॅमेरा शिकवला फाळक्यांनीच, आणि सरस्वतीबाई फाळके घरी फिल्मला भोकं पाडत. संथ फिल्म, हाताने फिरवायचा कॅमेरा, दिव्यांची सोय जेमतेम. ऊन गेलं की काम थांबलं. आपल्या सिनेमाची पहिली सवय इथेच लागली: ऊन म्हणजे उजेड, ढग म्हणजे अडचण.

स्टुडिओ आले तसा कॅमेरामन आत गेला आणि त्याचं वजनही वाढलं. 'प्रभात'च्या भागीदारांत केशवराव धायबर होते, ते कॅमेरामन. मास्टर विनायक आणि बाबूराव पेंढारकर यांच्याबरोबर 'हंस पिक्चर्स' उभी केली ती पांडुरंग नाईक यांनी, तेही कॅमेरामन. ही गोष्ट आज फारशी सांगितली जात नाही म्हणून मुद्दाम लिहितो. ज्याला यंत्र कळतं, ज्याच्या चुकीमुळे सगळ्यांची मेहनत काळी पडू शकते, तो माणूस त्या वेळी कंपनीचा मालकही होता. पुढे स्टुडिओ मोडले, तारे मोठे झाले आणि कॅमेरामन श्रेयनामावलीतली एक ओळ होऊन राहिला.

त्या ओळीला मान मिळवून देणाऱ्यांत व्ही. के. मूर्ती यांचं नाव घ्यावंच लागतं. म्हैसूरचा हा माणूस 'बाजी'च्या (१९५१) वेळी सहायक होता. एका अवघड शॉटमध्ये त्यांची हुशारी गुरुदत्तने हेरली आणि पुढचा चित्रपट थेट त्यांच्या हाती दिला. तो 'जाल' (१९५२), गोव्याकडच्या मासेमार वस्तीची गोष्ट. म्हणजे पुढे 'प्यासा' आणि 'कागज के फूल' घडवणाऱ्या जोडीचा आरंभ आपल्याच किनाऱ्याच्या कथेवर झाला. 'कागज के फूल'मधला तो प्रसिद्ध उन्हाचा झोत मूर्तींनी आरशांनी स्टुडिओत आणला. बाहेरचा सूर्य दोन आरशांवरून परतवून आत घेतला आणि अंधाऱ्या सेटवर त्याचा खांब उभा केला. दादासाहेब फाळके पुरस्कार मिळवणारे ते पहिले छायालेखक. पुरस्कार २००८ सालचा. ज्या फाळक्यांच्या नावे तो दिला जातो ते स्वतः कॅमेऱ्यामागे घडलेले, तरी छायालेखकापर्यंत तो पोचायला चाळीस वर्षं लागली, हे मला आजही खटकतं.

मूर्तींच्या प्रकाशाला धार होती. दुसरी वाट सत्यजित राय यांचे छायालेखक सुब्रत मित्रांची, आणि तिच्यामागे पाऊस आहे. 'अपराजितो'साठी (१९५६) बनारसच्या घराचं अंगण उघड्यावर उभारायचं ठरलं होतं. पावसाच्या भीतीने ते कलकत्त्याच्या स्टुडिओत बांधावं लागलं. चौकाच्या अंगणात वरून उतरणारा मऊ, सावली न पाडणारा उजेड थेट दिव्यांनी येईना. मित्रांनी सेटवर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्याच्यावर मारले. कापडावरून परतलेला उजेड खाली आला तो आभाळाचा होऊन. बाउन्स लायटिंग म्हणून आज जे सर्रास केलं जातं, ते तिथे पद्धत म्हणून उभं राहिलं. आमच्याकडे जूनमध्ये खळ्यात, म्हणजे अंगणात, उभं राहिलं की हाच उजेड पडतो, कापड न ताणता. तरीही पावसाळी कोकणाकडे कॅमेरा वळत नव्हता.

का वळत नव्हता हे मी लहानपणी आमच्या बंदरावर पाहिलं आहे. मे महिना संपत आला होता आणि एका हिंदी चित्रपटाचं युनिट आलं होतं. चार माणसं चंदेरी रिफ्लेक्टर धरून उभी, वाऱ्याने ते शिडासारखे फडफडत होते. कॅमेऱ्याजवळचा एक तरुण गळ्यातली काळी काच डोळ्याला लावून सूर्याकडे बघत राहायचा आणि ओरडायचा, 'दो मिनिट!' मग सगळे गप्प. ढग सरला की धावपळ, अर्धा मिनिट काम, पुन्हा ढग. होडीच्या नाळेवर बसलेला आमचा एक म्हातारा खलाशी म्हणाला होता, 'ढग इले की ह्ये बसान रवतत.' तिसऱ्या दिवशी वळवाचा पाऊस आला. पॅकअप. सामान ट्रकवर चढलं आणि ज्या उजेडात आम्ही वर्षाचे चार महिने जगतो तो सुरू व्हायच्या आत ते लोक निघून गेले.

त्यांचीही चूक नव्हती. लखलखीत उन्हातून दाट मळभात गेलं की उजेड साधारण तीन स्टॉपने उतरतो, म्हणजे आठव्या हिश्शावर येतो. एकाच प्रसंगातला अर्धा भाग उन्हात आणि अर्धा मळभात घेतला तर जोडताना तो जुळत नाही. कच्ची फिल्म महाग, परदेशातून यायची, रीटेक मोजून व्हायचे. त्यात कोकणाच्या स्वतःच्या खोड्या. पोफळीच्या बागेत पानांचा हिरवा उजेड चेहऱ्यावर येतो आणि माणूस आजारी दिसतो. लाल मातीवरून उलटलेला उजेड हनुवटीखाली तांबूस चढतो. एसी खोलीतली लेन्स बाहेरच्या दमट हवेत आणली की तिच्यावर लगेच वाफ धरते. ती निवळेपर्यंत कॅमेरा नुसता ठेवून बसावं लागतं. वर खारा वारा आहेच. मुंबईहून आठ दिवसांसाठी आलेल्या माणसाने ऊनच मागावं, यात नवल नाही.

आणि म्हणून पडद्यावरचं कोकण बराच काळ मे महिन्यातलं राहिलं. निळं आभाळ, माड, पांढरी वाळू, गाणं.

कोकणातली माणसं मात्र पोचली होती. साने गुरुजींच्या पालगडच्या आठवणींवरचा 'श्यामची आई' राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, १९५४मध्ये, राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. त्यानंतर मराठीला तो मान पुन्हा मिळाला तो थेट पन्नास वर्षांनी, 'श्वास'ला. तीही कोकणातल्याच आजोबा-नातवाची गोष्ट. डोळ्यांच्या कर्करोगामुळे मुलाची दृष्टी जाणार आहे आणि त्याआधी आजोबांना त्याला जग दाखवून घ्यायचं आहे. छायालेखक संजय मेमाणे. या विषयाचं ओझं कॅमेऱ्यावर किती येतं बघा. जे दिसतं आहे ते तो मुलगा शेवटचं बघतो आहे, हे प्रेक्षकाला कुणी न सांगता कळायला हवं.

दरम्यान कॅमेरामन घडण्याची वाटही बदलली होती. प्रभातच्या पुण्यातल्या जागेत १९६०मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तोवर कॅमेरा शिकायचा म्हणजे एखाद्या उस्तादाच्या हाताखाली पेट्या उचलण्यापासून सुरुवात, मग फोकस, मग नशीब असेल तर ऑपरेटिंग. इन्स्टिट्यूटमधून के. के. महाजन यांच्यासारखे तरुण बाहेर पडले आणि खऱ्या घरांत, खऱ्या रस्त्यांवर, थोडक्या दिव्यांत चित्रपट करू लागले. १९६७च्या चित्रपटांपासून राष्ट्रीय पुरस्कारांत छायाचित्रणाला स्वतंत्र स्थान मिळालं, त्या वेळी रंगीत आणि कृष्णधवल अशा दोन वर्गांत. आणखी एक पायंडा गोविंद निहलानींनी पाडला. 'अंकुर'पासून श्याम बेनेगलांचे चित्रपट टिपणाऱ्या या माणसाने 'आक्रोश' (१९८०) स्वतः दिग्दर्शित केला आणि कॅमेराही स्वतःकडेच ठेवला. कॅमेरामनला सांगण्यासारखी गोष्ट असू शकते, हे त्यामुळे पुढच्यांना सोपं झालं.

अविनाश अरुण त्याच इन्स्टिट्यूटचे, छायाचित्रणाचे विद्यार्थी. त्यांचा पहिला दिग्दर्शित चित्रपट 'किल्ला', छायालेखकही तेच. वडील गेलेला अकरा वर्षांचा चिन्मय आईच्या बदलीमुळे कोकणातल्या किनाऱ्यावरच्या गावी येतो, एवढीच गोष्ट. २०१४च्या बर्लिन महोत्सवात मुलांच्या ज्युरीने त्याला क्रिस्टल बेअर दिलं, मग सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या चित्रपटाने माझ्या मते एक मोठी गोष्ट केली. किल्ल्यावर मित्र चिन्मयला मागे सोडून जातात आणि पाऊस कोसळतो, तो प्रसंग आठवा. भिंती ओल्या, आभाळ खाली उतरलेलं, कुठेच सावली नाही, त्यामुळे वेळ किती झाली तेही कळत नाही. त्या पोराला वाटणारं एकटेपण त्या उजेडातच आहे. ऊन असतं तर तो प्रसंग नुसता लपंडाव झाला असता. ज्या आभाळाखाली आमच्या बंदरावर पॅकअप झालं होतं, त्याच आभाळाखाली इथे गोष्ट सुरू होते.

यामागे यंत्राचाही हात आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. २०१० नंतर डिजिटल कॅमेरे स्थिरावले. कमी उजेडात ते पूर्वीच्या फिल्मपेक्षा निर्धास्त चालतात आणि रीटेकला कच्च्या मालाचा धाक राहिलेला नाही. पण कॅमेरे सगळ्यांनाच मिळाले. मळभाकडे थांबून बघणारे थोडेच निघाले.

पुढचं वर्ष तर बघण्यासारखं आहे. २६ जून २०१५ला 'किल्ला' प्रदर्शित झाला, २४ जुलैला 'मसान' आणि ३१ जुलैला 'दृश्यम'. पाच-सहा आठवड्यांत तीन चित्रपट, तिन्हींच्या कॅमेऱ्यामागे एकच माणूस. 'मसान' बनारसचा, घाट आणि चितांचा, फ्रान्सच्या कान महोत्सवात गौरवलेला. 'दृश्यम' गोव्यातला, म्हणजे पुन्हा आपलाच किनारा, पण तिथे हिरवळ आणि ओलावा रहस्यकथेच्या कामाला लावलेला. 'किल्ला'त जो पाऊस पोराला एकटं पाडतो, त्याच जातीचा पाऊस 'दृश्यम'मध्ये काहीतरी पुरलं गेल्याची शंका मनात ठेवतो. नंतर 'मदारी', 'हिचकी', 'कारवाँ' आले. २०२०मध्ये 'पाताल लोक' या मालिकेत दिग्दर्शन आणि छायाचित्रण दोन्हींत त्यांचा वाटा होता. हिंदीत काम करणाऱ्या छायालेखकाला एकाच जातीचं काम पुन्हा पुन्हा मिळत राहण्याचा धोका मोठा असतो. या यादीत तो दिसत नाही.

आणि मग 'थ्री ऑफ अस'. गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात २०२२मध्ये दाखवला गेला, चित्रपटगृहात ३ नोव्हेंबर २०२३ला आला. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला असलेली शैलजा सगळं पुसून जायच्या आत नवऱ्याला घेऊन वेंगुर्ल्याला येते, कारण शाळेची काही वर्षं तिथे गेलेली. शेफाली शहा, जयदीप अहलावत, स्वानंद किरकिरे. कॅमेरा दिग्दर्शकाचाच.

मला प्रश्न विचारणाऱ्यांपैकी एक जण वेंगुर्ल्याचेच, निवृत्त शिक्षक. त्यांना मी म्हटलं, सर, पुन्हा बघाल तेव्हा एकच करा. गावातल्या गल्ल्यांची आणि घरांची दृश्यं येतील तेव्हा ऊन कुठून येतंय ते शोधा. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. म्हणाले, बऱ्याच ठिकाणी सापडत नाही. भिंतीचा चुना पांढरा न दिसता थोडा मळकट दिसतो, दुपारी लाइट गेल्यावर ओटीवर असतो तसा उजेड आहे. मग थोडं थांबून म्हणाले, 'आमच्या जुन्या घरात आई तांदूळ निवडायला बसायची ना, तो उजेड आहे तो. मी तो साठ वर्षांत कधी फोटोत बघितला नव्हता.'