इंजिन जिंकलं, पण ते बनवलं कोणी?

ग्रँडमास्टर विदित गुजराथी आपल्या नाशिकचाच, त्यामुळे इथे बुद्धिबळाचं वेड आहेच, आणि गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत चेस शिकणाऱ्या पोरांच्या मोबाईलमध्ये स्टॉकफिश हे इंजिन, म्हणजे चेस खेळणारा प्रोग्राम, हमखास सापडतं. अशी इंजिनं एकमेकांविरुद्ध पण खेळतात, त्यांच्या वर्ल्ड चॅम्पियनशिप 1974 ते 2024 होत होत्या, आणि बऱ्याच जणांना वाटतं की मशीनविरुद्ध मशीन म्हटल्यावर चीटिंग कोण करणार? पण कोड माणूस लिहितो आणि मॅचच्या अटीही माणूसच ठरवतो ना.

रिब्काचंच बघा. वासिक राजलिचचं हे इंजिन 2007 ते 2010 सलग चार वर्षं वर्ल्ड चॅम्पियन होतं. 2011 मध्ये ही चॅम्पियनशिप भरवणाऱ्या आयसीजीए या संघटनेने चारही टायटल काढून घेतली आणि राजलिचवर आजन्म बंदी घातली, कारण काय तर रिब्कात फ्रूट आणि क्राफ्टी या आधीच्या इंजिनांचा कोड आहे आणि ते सांगितलेलं नाही. राजलिचने आरोप फेटाळला. आता रिब्काचा सोर्स कोड कोणाकडे नव्हता, म्हणून तपासणाऱ्यांनी तयार प्रोग्राम उलटा उलगडला, म्हणजे मशीनच्या सूचना वाचून मूळ कोड कसा असेल त्याचा अंदाज बांधला आणि तो फ्रूटशेजारी ठेवून बघितला. इंजिन प्रत्येक पोझिशनला मार्क देतं, राजा किती सेफ आहे, दोन्ही उंट शिल्लक आहेत का, एखाद्या प्याद्याचा रस्ता मोकळा झालाय का, असं बरंच काही मोजून. या गोष्टी मोजणं ही सगळ्यांचीच आयडिया आहे, त्यात चोरी नाही. पण काय काय मोजायचं आणि कसं, ही निवडच बऱ्याच ठिकाणी जुळायला लागली तर संशय येणारच. तरी आयडिया कुठे संपते आणि कॉपी कुठे सुरू होते यावर जाणकार लोक वर्षानुवर्षं भांडले, आणि 2015 मध्ये फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, एथिक्स कमिशनने आजन्म बंदी चुकीची ठरवून उलट आयसीजीएलाच ताकीद दिली. मला स्वतःला हे पटतं, चौकशी हवीच होती पण शिक्षा जरा जास्तच झाली.

चेसबेस या कंपनीने विकलेल्या फॅट फ्रिट्झ 2 या इंजिनाचं प्रकरण त्यामानाने सरळ, ते स्टॉकफिशवरच बेतलेलं होतं. स्टॉकफिशचा कोड जीपीएल लायसन्सखाली आहे, म्हणजे घ्या, बदला, विका सुद्धा, फक्त गिऱ्हाइकाला मूळ कोड आणि तेच हक्क द्या. चेसबेसने हे पाळलं नाही म्हणून स्टॉकफिशवाले 2021 मध्ये जर्मनीत कोर्टात गेले, 2022 मध्ये तडजोड झाली आणि चेसबेसने वर्षभर स्टॉकफिशवर बेतलेली प्रॉडक्ट न विकायचं कबूल केलं. फुकट वाटलेल्या कामामागे पण लोकांची वर्षं गेलेली असतात, त्यांचं नाव लपवणं मला तरी अजिबात मान्य नाही.

आणि कोड अस्सल असला तरी मॅच फेअर असेलच असं नाही. 2017 मध्ये गूगलच्या डीपमाइंडच्या अल्फाझीरो या प्रोग्रामने स्टॉकफिशविरुद्ध 100 पैकी 28 गेम जिंकले, 72 ड्रॉ, हार एकही नाही, जगभर गाजावाजा झाला. पण स्टॉकफिशला मेमरी फक्त 1 जीबी दिलेली, दर चालीला ठरलेला एक मिनिट, म्हणजे कठीण जागी जास्त वेळ घ्यायची त्याची सोयच गेली. टीका झाली, मग त्यांच्याच 2018 च्या रिसर्च पेपरमध्ये नीट घड्याळ लावून 1000 गेमचा निकाल आला, अल्फाझीरो 155 जिंकलं, 6 हरलं, बाकी ड्रॉ. म्हणजे ते खरंच भारी होतं, पण विश्वास बसला तो दुसऱ्या वेळी.

नाशिकच्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजने अशी स्पर्धा ठेवली तर कोड आधी जमा करून घ्यावा, कोणाचं काय वापरलंय ते लिहून घ्यावं, सगळे प्रोग्राम एकाच कॉम्प्युटरवर चालवावेत, प्रत्येक ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, रंग बदलून दोनदा खेळवावी, आणि सगळ्या गेमच्या फाईल निकालासोबतच सगळ्यांना देऊन टाकाव्यात, म्हणजे ज्याला शंका असेल तो घरी बसून तपासू शकेल.