दुखणे टपालाने

११ फेब्रुवारी १७८४ रोजी सॅम्युअल जॉन्सनने लंडनहून एडिनबरोला एक पत्र लिहिले. १७५५ सालच्या थोर इंग्रजी शब्दकोशाचा हा कर्ता तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा होता आणि डिसेंबरच्या मध्यापासून दम्याने घरात अडकून पडला होता. दम्याचे एक वेळ चालेल, असे त्याने मित्राला, जेम्स बॉस्वेलला, कळवले. खरी काळजी अंगात साठणाऱ्या पाण्याची होती. पाय आणि मांड्या सुजल्या होत्या. पाणी तिथेच थांबले तर हरकत नव्हती, पण ते वर चढेल अशी त्याला धास्ती होती. रात्री झोप नव्हती, आणि तरीही मरणाची अतिशय भीती वाटत होती. त्या पत्रातच एक साधी विनंती आहे: तुमच्याकडच्या डॉक्टरांना माझ्या दुखण्याविषयी विचारा.

लंडनमध्ये डॉक्टरांचा दुष्काळ होता असे मुळीच नाही. छातीतल्या त्या विशिष्ट कळेला ‘अंजायना पेक्टोरिस’ हे नाव देणारा विल्यम हेबर्डन जॉन्सनकडे येत होता, रिचर्ड ब्रॉकल्सबी येत होता, आणि दोघेही त्याच्याकडून फी घेत नव्हते. असे डॉक्टर उशाशी असताना साडेसहाशे किलोमीटरवरच्या, रुग्णाला न पाहणाऱ्या डॉक्टरांचे मत कशासाठी?

आपल्याला हा प्रश्न पडतो, कारण तपासणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर स्टेथोस्कोप येतो, रक्तदाबाचा पट्टा येतो, छातीचा एक्स-रे येतो. १७८४ साली यातले काहीही नव्हते. स्टेथोस्कोप फ्रान्समध्ये लेनेकच्या हातून १८१६ साली जन्मणार होता. बोटांनी छाती ठोकून आतला बदल ओळखण्याची रीत व्हिएन्नात औएनब्रुगरने १७६१ सालीच छापली होती, पण तिच्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नव्हते. ताप मोजायला थर्मामीटर क्वचितच वापरला जाई. डॉक्टर नाडी पाही, जीभ पाही, लघवीचा रंग पाही, आणि मुख्य म्हणजे ऐके. दुखणे केव्हा सुरू झाले, आधी काय झाले होते, खाणे काय, झोप किती, पोट साफ होते का, हवा बदलली की काय होते, यावरूनच निदान होई. आणि जे ऐकायचे, ते वाचताही येते. म्हणून अठराव्या शतकात पत्राने सल्ला घेणे ही गैरसोयीतली तडजोड नव्हती, ती वैद्यकाची मान्य रीत होती.

या रीतीचा फार मोठा साठा आज शिल्लक आहे. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या सॅम्युअल-ऑग्युस्त तिसोकडे युरोपभरातून अशी पत्रे येत. १७६१ साली त्याने सामान्य माणसासाठी आरोग्यावर एक पुस्तक काढले, ते अनेक भाषांत गेले. डॉक्टरचा सल्ला घेताना ज्यांची उत्तरे तयार असलीच पाहिजेत, अशा प्रश्नांची यादीच त्यात दिली होती. वय, आधीची प्रकृती, दुखणे किती दिवसांचे, सुरुवात कशी झाली. आजही दवाखान्यात नवा रुग्ण आला की हेच विचारतात.

एडिनबरोत या कलेचा राजा होता विल्यम कलन. विद्यापीठातला नामवंत प्राध्यापक, मज्जातंतूंच्या विकारांसाठी ‘न्यूरोसिस’ हा शब्द १७६९ साली वैद्यकात आणणारा. त्याच्या पत्रव्यवहारातली पाच हजारांहून अधिक पत्रे एडिनबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जपून ठेवली आहेत. ती टिकली, कारण आपण दिलेल्या प्रत्येक उत्तराची नकल ठेवायची त्याची शिस्त होती. रुग्ण दोन वर्षांनी पुन्हा लिहील, तेव्हा मागे काय सांगितले होते ते समोर हवे. आधी लेखनिक हाताने नकला उतरत. मग १७८० साली जेम्स वॉटने, तोच वाफेच्या इंजिनाचा वॉट, नकल काढायच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि लवकरच कलनकडे ते यंत्र आले. खास शाईने लिहिलेल्या पत्रावर ओलसर, अतिशय पातळ कागद ठेवून दाबायचा. अक्षरे त्यावर उलटी उमटतात, पण कागद इतका पातळ की मागच्या बाजूने वाचले की सुलटी दिसतात. दवाखान्याच्या नोंदी यंत्राने ठेवण्याची सुरुवात मी तरी इथे धरतो.

(या कलनचा एक धागा महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचला आहे. त्याच्या औषधीग्रंथाचे जर्मन भाषांतर १७९० साली सॅम्युअल हानेमानने केले. सिंकोनाच्या सालीबद्दलचे कलनचे स्पष्टीकरण न पटून त्याने ती साल स्वतः घेऊन पाहिली, आणि होमिओपॅथीची कल्पना तिथून निघाली. साखरेच्या गोळ्यांबद्दल माझे मत अनुकूल नाही, पण तो विषय निराळा.)

आता बॉस्वेलकडे वळू. त्याने ७ मार्चला कलन, जॉन होप आणि अलेक्झांडर मन्रो या तिघांना पत्र लिहिले. होप वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, मन्रो शरीररचनेचा. बॉस्वेल स्वतः डॉक्टर नव्हता, वकील होता, आणि ते या पत्रात उत्तम दिसते. आधी तो कबूल करतो की रुग्णाने रीतसर सल्ला मागितलेला नाही, ‘विचारा’ एवढेच म्हटले आहे. मग क्रमाने हकिगत मांडतो. वय चौऱ्याहत्तर. गेल्या उन्हाळ्यात पक्षाघाताचा झटका, त्यातून जवळजवळ पूर्ण बरे. त्याआधीपासून कफाचा खोकला. या हिवाळ्यात दमा, तीन महिने घराबाहेर नाही. ब्रॉकल्सबी कळवतात की जरा गारठा लागला की छाती आवळते, अंथरुणावर आडवे होता येत नाही, रात्रभर बसून काढावी लागते. लॉडेनम, म्हणजे अफूचा मद्यार्कातला अर्क, आणि खसखशीच्या बोंडांचा पाक घेतला तरच आराम आणि कधीमधी झोप. पाय-मांड्यांवर सूज. जॉन्सन म्हणतात पाणी वाढते आहे, उबदार हवेचा उपयोग होईल असे त्यांना वाटते. आता जरा बरे असल्याचे समजते.

कोण काय म्हणाले ते त्याने किती काटेकोरपणे वेगळे ठेवले आहे पाहा. ‘ब्रॉकल्सबी लिहितात’ हे डॉक्टरचे निरीक्षण, ‘जॉन्सन म्हणतात’ हा रुग्णाचा समज, ‘समजते’ ही ऐकीव बातमी. आज घरच्या आजाऱ्याचा त्रास फोनवरून डॉक्टरांना सांगताना आपण या तिन्हींचे कालवण करतो, आणि ऐकणाऱ्याला ते निवडत बसावे लागते.

हे पत्र आजच्या एखाद्या एमडीच्या हातात द्या. नाडीचा आकडा नाही, छातीचा आवाज नाही, तरी आडवे झाले की दम लागतो आणि पायांवर सूज आहे, या दोन गोष्टी वाचताच तिचे लक्ष फुप्फुसांवरून हृदयाकडे जाईल. हृदय रक्त पुढे ढकलण्यात कमी पडू लागले की द्रव मागे साचतो. माणूस उभा किंवा बसलेला असताना तो पायांत उतरतो, आडवे झाल्यावर तेच पाणी रक्तात परत येऊन फुप्फुसांवर भार टाकते. म्हणून माणूस उठून बसतो. आधीचा पक्षाघात वाचून तिला रक्तदाबाची शंका येईल. अठराव्या शतकातल्या डॉक्टरांच्या हाती या जोडणीची चौकट नव्हती. दमा एक रोग, अंगात पाणी हा दुसरा रोग, असे ते स्वतंत्र कप्पे होते. पत्रात माहिती पुरेशी होती, कमी होते ते तिचा अर्थ लावणारे शास्त्र.

औषध मात्र बऱ्यापैकी नेमके होते. जॉन्सन तेव्हा ‘स्क्विल’ घेत होता, भूमध्य समुद्राकाठचा एक मोठा कांदा. त्याचा सख्खा भाऊ आपल्याकडे उगवतो: कोळकांदा, कुणी रानकांदा म्हणतात. जॉन्सनने आधी त्याचे चूर्ण घेतले, पण पोट इतके बिघडले की ते सोडावे लागले, आणि मार्चच्या सुरुवातीला तो शिरक्यात उतरवलेल्या अर्काकडे वळला. या कांद्यात हृदयावर काम करणारी ग्लायकोसाइड नावाची द्रव्ये असतात. हृदयाच्या स्नायुपेशींच्या आवरणात सोडियम बाहेर टाकणारा एक पंप असतो, तो ही द्रव्ये अडवतात. आत सोडियम वाढते, त्यामागोमाग कॅल्शियम साठते, आणि कॅल्शियम वाढले की स्नायू जोराने आकुंचन पावतो. हृदयाचा जोर वाढला की मूत्रपिंडांना रक्त नीट मिळते आणि साठलेले पाणी लघवीवाटे उतरते. पण मात्रा जराशी चुकली तरी मळमळ, उलटी आणि पुढे हृदयाचे ठोकेच बिघडतात. म्हणून आपल्या रानातला कांदा कुणी घरी उकळून पाहू नये, हे कळकळीने सांगतो. याच जातीचे गुण असलेल्या डिजिटॅलिस या वनस्पतीवरचा विल्यम विदरिंगचा ग्रंथ १७८५ साली आला, जॉन्सन गेल्याच्या पुढच्या वर्षी.

एडिनबरोची उत्तरे यायच्या आधीच एक मोठा बदल घडून गेला होता. १९ फेब्रुवारीचा दिवस जॉन्सनने प्रार्थनेत घालवला, आणि त्याच सुमारास त्याच्या अंगातून सुमारे वीस पाइंट पाणी उतरले. नऊ-दहा लिटर! जॉन्सनने ती ईश्वराची कृपा मानली. म्हणजे बॉस्वेल ज्या सुजलेल्या पायांचे वर्णन करून सल्ला मागत होता, ते पाय तोवर बरेच ओसरले होते. दुखणे थांबत नाही आणि पत्र तर वाटेत असते, त्यामुळे उत्तर नेहमी कालच्या रुग्णाला जाते. म्हणूनच टपालाने सल्ला देणारे डॉक्टर औषधाइतकाच भर पथ्यावर देत: आहार, फिरणे, घोड्यावर बसणे, उबदार कपडे. हे सल्ले आठवड्याभरात शिळे होत नाहीत.

तिघांनीही मनापासून उत्तरे दिली. असा दिवस क्वचितच जातो की मी या ना त्या शब्दाबद्दल तुमच्या मित्राचे मत विचारत नाही, असे होपने लिहिले. त्याच्या टेबलावर शब्दकोश होता, हे उघडच आहे. याआधी बॉस्वेलमार्फतच आलेल्या डॉ. गिलेस्पीच्या सल्लापत्राचे तर जॉन्सनने तोंडभरून कौतुक केले, सारे ठोस, अनुभवाचे ज्ञान म्हणून. एडिनबरोचाच डॉक्टर सर अलेक्झांडर डिक याने रेवाचिनी, म्हणजे एक रेचक मुळी, देऊ केली, स्वतःच्या बागेत पिकवलेली. तिच्या लागवडीसाठी त्याला सुवर्णपदक मिळाले होते.

होपने ब्रॉकल्सबीशी थेट पत्रव्यवहार केला. कलन आणि मन्रोची मते मात्र बॉस्वेलकडे आली. ती त्याने लंडनला नेली आणि जॉन्सनला सांगितली, पण बॉस्वेलच्याच शब्दांत, ‘जितकी धीर देणारी होती तितकीच’. हे वाचताना मी थांबतो. आपल्या घरांत हे किती ओळखीचे आहे! रिपोर्ट मुलगा आणतो, डॉक्टरांशी व्हरांड्यात बोलतो, आणि आत येऊन बाबांना सांगतो की काळजीचे काही नाही. बॉस्वेलचे प्रेम खरे होते, तरी मला ते पटत नाही. मरणाची भीती वाटते हे ज्याने स्वच्छ लिहून दिले, त्याला उत्तर पूर्ण ऐकण्याचा हक्क होता. शेवटच्या दिवसांत जॉन्सनने स्वतःच ब्रॉकल्सबीला सरळ विचारले, मी बरा होईन का? चमत्कार झाल्याशिवाय नाही, हे उत्तर मिळाल्यावर त्याने अफूही घ्यायची नाही असे ठरवले, शुद्धीत जायचे म्हणून.

त्यात जॉन्सनला वैद्यकाच्या पत्राचा एक जुना घावही होता. १७२९ साली, विशीचा असताना, मन खचून गेलेले असताना त्याने आपली अवस्था लॅटिनमध्ये लिहून डॉ. स्विनफेनला दिली. स्विनफेन त्याचा धर्मपिता. लिखाण इतके तल्लख होते की त्याने कौतुकाने ते इतरांना दाखवले. जॉन्सन दुखावला, आणि ते नाते पूर्वीसारखे पुन्हा कधी झाले नाही. दुखणे कागदावर उतरले की ते हातोहात फिरू शकते, हे त्या तरुणाला पहिल्याच पत्राने शिकवले. पंचावन्न वर्षांनी त्याच माणसाने ‘विचारा’ म्हणून परवानगी दिली, यात मित्रावरचा विश्वास किती असेल!

१३ डिसेंबर १७८४ रोजी जॉन्सन गेला. दोन दिवसांनी जेम्स विल्सनने शवविच्छेदन केले. छाती उघडली की फुप्फुसे एरवी आक्रसून बसतात, ही बसली नाहीत. आकुंचनाची ताकदच गमावल्यासारखी ती फुगलेली राहिली. हृदय मोठे झाले होते. पित्ताशयात कबुतराच्या अंड्याएवढा खडा होता, आणि एक मूत्रपिंड जवळजवळ संपले होते. फुगलेल्या फुप्फुसाच्या त्या विकाराला आज आपण एम्फिसीमा म्हणतो. पुढे मॅथ्यू बेलीने रोगट अवयवांच्या कोरीव चित्रांचा संग्रह काढला. त्यात फुग्यांसारख्या पोकळ्यांनी भरलेल्या एका फुप्फुसाचे चित्र आहे. ते जॉन्सनचेच फुप्फुस असे मानले जाते.